नाक बांधलेला शिष्य

“म्हणजे माझ्या चंदनापेक्षा त्याचं रॉकेल बरं, असंच ना बुवा?”

केसोबुवा ओट्यावर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“रॉकेल मध्येच कुठून आलं?”

“मध्येच नाही आलं. येऊन आठ महिने झाले.”

बुवांनी कापसाचा पेळू जवळ ओढला, बोटांना थोडी राख लावली आणि पुढची वात वळायला घेतली.

पद्माकर उभाच होता. आज सगळं बोलून टाकायचं, असं ठरवूनच तो आला होता. टाक्यावर पाणी भरताना त्यानं मनाशी घोकलंही होतं. आधी नम्रपणे सुरुवात करायची, मग अकरा वर्षांच्या सेवेचा ओझरता उल्लेख, आणि अगदी शेवटी रॉकेल. प्रत्यक्षात तोंड उघडलं आणि रॉकेलच आधी बाहेर पडलं. मत्सराचं असंच असतं. त्याला रांगेत उभं राहवत नाही.

खडकवळच्या टेकडीवरचा हा मठ तसा लहानसाच. एक देऊळ, पुढं ओटा, मागं दोन खोल्या आणि एक पाण्याचं टाकं. शिष्य म्हणावेत असे आता दोनच उरले होते. पद्माकरला इथं येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि लिंबाजीला आठ महिने.

पद्माकर कोकणातल्या भिक्षुकाच्या घरचा. त्याचं पाठांतर पक्कं आणि सोवळं त्याहून पक्कं. रोज पहाटे मोगरा तोडायचा आणि सहाणेवर चंदन उगाळायचं, ही त्याची सेवा. देवाला वाहायच्या आधी फुलाचा वास घेऊ नये, घेतला तर फूल उष्टं होतं, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक असतं. पद्माकर त्याच्याही पुढं गेला होता. फुलं तोडताना चुकून श्वासाबरोबर वास आत जाऊ नये, म्हणून तो पंचाचं टोक नाकावरून घेऊन मानेमागं गाठ मारायचा. पुढं चंदन उगाळतानाही गाठ राहू लागली. मग स्वयंपाकघरात, मग बाजारात. “नाकानं आधी भोगलं ते देवाचं राहत नाही,” असं तो आल्यागेल्याला सांगे. ऐकणारे माना डोलवत. त्यातले काही घरी जाऊन नाक धरून फुलं तोडत.

लिंबाजीला मात्र नाक होतं आणि ते उघडं होतं.

तालुक्याच्या गावी त्याचं स्टो दुरुस्तीचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यानं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि टेकडी चढून वर आला. तीस वर्षांचं रॉकेल अंगात मुरलेलं. कितीही आंघोळी केल्या तरी ते जाईना, आणि जावं असं त्याला वाटतही नव्हतं. पहिल्याच दिवशी बुवांच्या पाया पडून त्यानं सांगून टाकलं, “बुवा, एक डाव बोलून ठेवतो. उदबत्तीनं मला शिंका येत्यात. केवडा तर लांबूनच नको. रॉकेल मातर लई आवडतं बघा. आन् भिजलेलं गोणपाट.”

पद्माकरला वाटलं, झालं, आता बुवा याला उभ्याउभ्या खाली पाठवतात.

बुवांनी विचारलं, “गोणपाट कसलं? मिठाचं की साखरेचं?”

“मिठाचं, बुवा! साखरेचं कुठलं?”

आणि दोघंही हसले.

त्या हसण्यापासून पद्माकरच्या पोटात दुखायला सुरुवात झाली, ती थांबलीच नाही.

रोज संध्याकाळी आरती झाली की लिंबाजी बुवांच्या मांडीशी येऊन बसायचा. तासतासभर वासांच्या गोष्टी चालायच्या. लिंबाजीला नव्या वहाणेचा तळवा आवडायचा, कंदील विझवल्यावरचा धूर आवडायचा, तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की येतो तो वास आवडायचा. पिकलेला पेरू त्याला अजिबात खपायचा नाही. आंब्याला मोहोर आला की तो डोकं धरून बसायचा. बुवा हे सगळं पोथी ऐकावी तसं ऐकायचे, मधूनच “मग?” म्हणायचे. आणि आतल्या खोलीत पद्माकर घासलेलीच उपकरणी पुन्हा घासत कान देऊन उभा असायचा.

कोबीचं प्रकरण तर त्याच्या फारच जिव्हारी लागलं.

मठात कोबी शिजत नसे. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. पद्माकरनं मात्र त्याचा अर्थ लावला होता. कोबीला पानावर पान, पानावर पान, आणि सोलत गेलं तर आत काहीच नाही. जीवाभोवती मायेची आवरणं असतात तसं. म्हणून संत कोबी वर्ज्य मानतात. हे त्यानं वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि गेली तीन वर्षं तो ते भक्तांना सांगत होता. खालच्या गावातल्या दोन घरांनी ते ऐकून कोबी सोडलाही होता.

एका संध्याकाळी लिंबाजीनं सरळ विचारलं, “बुवा, मठात कोबी का नाय?”

बुवा म्हणाले, “शिजताना वास येतो रे. मला सोसत नाही.”

एवढंच. पुढं गोष्ट दुसरीकडं वळली.

आत पद्माकरच्या अंगाचा तिळपापड झाला. वहीतलं खोटं ठरलं म्हणून नव्हे. ते एक वेळ त्यानं गिळलं असतं. पण अकरा वर्षं ज्यांच्या पायाशी काढली, त्यांना काय आवडत नाही एवढी साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, आणि काल आलेल्या स्टोवाल्यानं ती बोलता बोलता विचारून घेतली, हे त्याला सहन झालं नाही. त्या दिवसापासून तो लिंबाजीला पाण्यात पाहू लागला.

आणि आता लेण्यात जायची वेळ आली होती.

दर वर्षी गुरुपौर्णिमा झाली की केसोबुवा डोंगरापलीकडच्या जुन्या लेण्यात चार महिने राहायला जात. तिथं कुणी यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. सोबत फक्त एक शिष्य. आजवर तो मान सदोबांचा होता. ते शिष्यांमध्ये सगळ्यांत वडील, म्हणून कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सदोबा माघात वारले. पद्माकर त्यांच्यासाठी मनापासून रडला आणि तेराव्याच्या आत त्याच्या मनात लेण्याचे मांडे भाजून तयार झाले. चार महिने बुवा आणि आपण. मध्ये कुणी नाही.

बुवा मात्र याबाबत अवाक्षर काढत नव्हते. पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. आणि आज सकाळी पद्माकरनं पाहिलं, की लिंबाजी लेण्यात न्यायचा जुना स्टो पुढ्यात घेऊन बसलाय, एकेक भाग सुटा करून पुसतोय, आणि शीळ घालतोय.

त्या शिळेनं पद्माकरचं डोकं फिरलं. दुपारी लिंबाजी स्टोची पिन आणायला खाली उतरला आणि पद्माकर ओट्याशी येऊन उभा राहिला होता. पहिलाच शब्द रॉकेल निघाला, तेव्हा त्यानं तेच पुढं रेटलं.

“बुवा, एक विचारू? तुम्हाला रॉकेलाचा वास आवडतो का?”

“नाही.”

“नाही?”

“मळमळतं मला.”

हे उत्तर त्यानं घोकलेल्या बोलण्यात कुठंच बसत नव्हतं.

“मळमळतं… मग त्याला रोज मांडीशी का बसवून घेता?”

“तो येतो म्हणून.”

“मी येत नाही? अकरा वर्षं रोज येतो, बुवा. सकाळी गंध लावायला येतो, दुपारी पान वाढायला येतो, संध्याकाळी—”

“चंदन येतं.”

“काय?”

बुवांनी हातातली वात खाली ठेवली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस उभा आहे एवढं त्यांना दिसायचं. कोण आहे, ते दिसायचं नाही.

“लिंबाजी आला, की लिंबाजी आला हे मला कळतं. तू येतोस तेव्हा चंदन येतं.”

पद्माकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“चंदन वाईट झालं का आता?”

“वाईट कुठं म्हटलं? देवाला आवडतं.”

“आणि तुम्हाला?”

“मला कुणी विचारलं नाही.”

टेकडीखालच्या वाटेवर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगुरांचा आवाज झाला आणि हळूहळू लांब गेला. बुवांनी पुन्हा वात घेतली. दोन वाती झाल्या. तिसरी अर्धी झाली.

“परवा गुरुवारी,” बुवा म्हणाले, “लिंबाजी पुतण्याकडं गेला होता.”

पद्माकर ओट्यावरच्या वाती मोजू लागला.

“सकाळी गेला, तो शुक्रवारी आला.”

“…हो.”

“मग गुरुवारी संध्याकाळी माझ्या मांडीशी कोण बसलं होतं?”

पद्माकर ओट्याच्या कडेला टेकला.

गुरुवारचं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही. लिंबाजी मठात नाही हे पाहून त्यानं कंदील पुसायचं फडकं घेतलं, मानेला, दंडाला, उपरण्याच्या दोन्ही पदरांना खसाखसा चोळलं आणि आरतीनंतर मुकाट्यानं बुवांच्या मांडीशी जाऊन बसला. बुवांना रॉकेलच आवडत असेल तर घ्या म्हणावं रॉकेल, एवढाच त्याचा हेतू होता.

बुवांनी न विचारता त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. “आलास?” असं म्हणाले होते, आणि मग बोलतच राहिले होते. चुलत्याच्या तेलघाण्याविषयी, ताज्या पेंडीच्या वासाविषयी, त्या पेंडीचा तुकडा चोरून खाताना बसलेल्या माराविषयी. अकरा वर्षांत पद्माकरनं यातलं काही ऐकलं नव्हतं. त्याला इतकं सुख झालं, की तो फक्त घोगऱ्या आवाजात “हं, हं” म्हणत राहिला. आपण कोण आहोत ते सांगायचं धाडस त्याला झालं नाही. सांगितलं तर पाठीवरचा हात निघाला असता. प्रत्येक शब्द लिंबाजीसाठी होता आणि तो चोरासारखा झेलत होता. उठून आत गेल्यावर त्यानं अंग घासघासून धुतलं, आणि धुताना त्याला रडू आलं.

“तुम्ही… ओळखलं होतं?”

“रॉकेलाच्या खाली कुणीतरी घाबरलेलं होतं. लिंबाजी कशाला घाबरेल मला?”

“मग बोलला का नाहीत? तिथंच का नाही उठवलंत मला?”

“अकरा वर्षांत पहिल्यांदा जवळ बसला होतास,” बुवा म्हणाले. “उठवू कशाला?”

पद्माकरनं मान खाली घातली. घोकून आणलेलं सगळं बोलणं कुठं गेलं, त्याला कळेना. राग धरून ठेवावा तर हाताला लागत नव्हता आणि सोडावा तर जात नव्हता.

“वर ये. नीट बस,” बुवा म्हणाले.

तो वर सरकून बसला. मांडीशी नव्हे, वीतभर अंतर ठेवून.

“एक वास सांग. तुला आवडणारा.”

“चंदन.”

“दुसरा.”

“धूप… तुळस.”

“दुसरा.”

“पोथीचा. म्हणजे, जुन्या पोथीच्या पानांचा.”

“हे सगळे देवाच्या कोनाड्यातले झाले. तिथं लिंबाजीला मी विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं, शिंकत शिंकत.” बुवांनी पेळूतून कापूस ओढला. “तुझा सांग.”

“माझं असं काही नाही, बुवा. ते सगळं मी खाली सोडून आलो.”

“काय काय सोडलंस?”

“सगळं.”

“सोडताना नाव तरी घेतलं असशील.”

पद्माकरनं घसा साफ केला. मानेमागच्या पंचाच्या गाठीकडं हात नेला, परत आणला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“बुवा, मठात बोलण्यासारखं नाही ते.”

“मठ ऐकत नाहीये. मी ऐकतोय.”

पद्माकरनं ओट्यावरची एक वात उचलली, उलगडली, पुन्हा खाली ठेवली.

“उगीच ओढूनताणून नको. नसेल तर राहू दे.”

“बोंबील,” पद्माकर म्हणाला.

बुवांची बोटं थांबली.

“सुका?”

“सुका. भाजलेला.” आता तोंडातून निघालंच होतं, तेव्हा तो भराभर बोलू लागला. “मी खाल्लेला नाही, बुवा. आईची शपथ, आजपर्यंत जिभेला लावलेला नाही. आमच्या शेजारी दुर्पदीमावशी राहायच्या. भंडाऱ्यांचं घर. पावसात ताजी मासळी मिळायची नाही तेव्हा त्या चुलीतल्या निखाऱ्यावर बोंबील भाजायच्या. वास सुटला की आई धाडकन खिडकी लावून घ्यायची. आणि मी पाणी शेंदायचं निमित्त काढून परसात जायचो. मध्ये दगडी गडगा होता, त्याला टेकून उभा राहायचो.”

“कसा असतो?”

“काय?”

“वास.”

पद्माकरनं डोळे मिटले. अकरा वर्षं त्यानं अनेकांना चंदनाचा महिमा सांगितला होता. चंदन सात्त्विक, चंदन शीतल, चंदन पापनाशक. पण चंदनाचा वास कसा असतो, हे त्याला आजही सांगता आलं नसतं.

“आधी खारट येतो,” तो हळूच म्हणाला. “नाकापेक्षा घशालाच जास्त कळतो. मग कडा जळायला लागल्या की जरा कडवट. राखेत काहीतरी पडून करपल्यासारखा. आणि तो कडवटपणा जायच्या आत… एक गोडसर येतो. अगदी थोडा वेळ. त्याच्यासाठीच मी थांबायचो. तो आला की तोंडाला इतकं पाणी सुटायचं, की मला वाटायचं, मी माझ्या बापाचा मुलगाच नव्हे.”

“मग?”

“एकदा आईनं पाहिलं. बोलली काही नाही. विहिरीवर नेलं आणि डोक्यावरून चार घागरी ओतल्या. भर पावसात. शेजारून दुर्पदीमावशी विचारतायत, काय हो, पोराला काय झालं? आई म्हणाली, काही नाही, शिवलाय कशाला तरी.”

तो थांबला. मग स्वतःहूनच म्हणाला, “बुवा, बाजाराच्या दिवशी मी सामान घेऊन येतो ना, तेव्हा सुक्या मासळीच्या बाजूनं येतो. वळसा पडतो. तरी येतो.”

“नाक बांधून?”

“…बांधलेलं असतं. तिथं गाठ सोडतो.”

बुवांच्या छातीतून एक बारीक आवाज आला. ते हसणं होतं की खोकला, ते पद्माकरला कळलं नाही.

“आणि नावडतं काय?”

या वेळी त्यानं फार वेळ घेतला नाही.

“मोगरा.”

“मोगरा?”

“कपाळ उठतं माझं. पहिल्यापासून. रोज पहाटे परडीभर मोगरा तोडताना डोक्यात घण पडायचे.” त्याचा हात पुन्हा मानेमागं गेला. “पंचा आधी शास्त्र म्हणूनच बांधला होता, बुवा. खरंच सांगतो. पण बांधल्यावर डोकं दुखायचं थांबलं. मग… मग मी तेच शास्त्र सगळ्यांना सांगायला लागलो.”

देवळाच्या कळसाची सावली ओट्यावर चढून बुवांच्या गुडघ्यापर्यंत आली होती.

सांगून झाल्यावर पद्माकरला हलकं वाटायला हवं होतं. पोथ्यांमधून तसंच लिहिलेलं असतं. त्याला मात्र भीती वाटली. लेण्यात जायला निघालेल्या गुरूपुढं, चातुर्मासाच्या तोंडावर, आपण वाळलेल्या माशाचं कौतुक करून बसलो. एवढी वर्षं राखलेलं सोवळं एका घटकेत गेलं, आणि तेही लिंबाजीच्या ईर्ष्येपायी. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. आता कसलं लेणं आणि कसलं काय.

“तुम्ही लिंबाजीलाच न्या, बुवा,” तो म्हणाला. “मी समजलो. तोच जाणार हे सकाळीच कळलं मला. स्टो पुसत होता. शीळ घालत.”

“लिंबाजी येत नाही.”

पद्माकरनं मान वर केली.

“सोमवारी विचारलं त्याला. नाही म्हणाला.”

“तुम्हाला… नाही म्हणाला?”

“लेण्यात वटवाघळं आहेत. म्हणाला, ‘बुवा, तुमच्यासाठी मान कापून देईन, पण त्या वासात चार महिने माझ्यानं व्हायचं नाय. तुमचं ध्यान लागंल आन् माझं ध्यान भाइर दाराकडं राहील. मला नगा नेऊ.’”

आठ महिने ज्याच्या नावानं पद्माकर जळत होता, त्यानं हवी ती जागा पाच दिवसांपूर्वीच सहज सोडून दिली होती. पद्माकरला आनंद व्हायला हरकत नव्हती. पण आनंद उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथं त्याला एक वेगळीच गोष्ट आडवी आली.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “तुम्ही आधी त्याला विचारलंत.”

आता मात्र बुवा हसलेच. तोंडातले उरलेले चार दात दिसेपर्यंत हसले.

“हो.”

“अकरा वर्षांचा मी. आठ महिन्यांचा तो. तरी आधी त्याला.”

“हो.”

“आणि तो नको म्हणाला, म्हणून आता मला विचारणार.”

“तुला अजून विचारलेलं नाही.”

हे तर फारच झालं. पद्माकरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं.

“का, बुवा? असं काय कमी पडलं माझ्यात?”

“तुला आधी विचारलं असतं, तर काय म्हणाला असतास?”

“हो म्हणालो असतो. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत.”

“वटवाघळं आहेत म्हटल्यावर?”

“तरीही हो.”

“वास कसा येतो, हे विचारलं असतंस?”

“…नसतं विचारलं.”

“म्हणून,” बुवा म्हणाले.

खाली वाटेवर लिंबाजी दिसू लागला होता. एका हातात कागदाची पुडी, दुसऱ्या हातानं कपाळाचा घाम पुसत, थांबत थांबत चढत होता. बुवांना ते दिसत नव्हतं. पद्माकरला दिसत होतं, आणि त्याला पाहून नेहमीसारखंच त्याच्या कपाळाला आठी पडली.

“मग तो स्टो कुणासाठी नीट करतोय?”

“तुझ्यासाठी. म्हणाला, ‘दादांना पिन मारता येत नाय. स्टो तुंबला तर दोघं चार महिने कच्चं खातील.’”

पद्माकरनं डोळे पुसले. लिंबाजीचं हे चांगुलपणसुद्धा त्याला सललं. वाईट असता तर किती सोपं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटून गेलं. जागा मिळाली तर ती आता लिंबाजीनं सोडलेली जागा असणार होती, आणि स्टो लिंबाजीनं पुसलेला. मन अजूनही कुरकुरत होतं आणि त्यानं ते या वेळी झाकलं नाही.

“मला अजून त्याचा राग येतोय, बुवा.”

“येऊ दे.”

“लेण्यात पण येईल.”

“येईल की. तिथं जागा आहे.”

वाऱ्याची एक झुळूक आली. खालून रॉकेल आलं, देवळातून विझलेल्या धुपाचा थोडा वास आला, आणि जवळून कुठूनतरी पिंजल्या कापसाचा, राखेचा, म्हाताऱ्या अंगाचा. पद्माकरनं पंचा मानेवरच राहू दिला, नाकावर ओढला नाही. बुवांच्या अंगाला कसला वास येतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. तो फारसा चांगला नव्हता. तरी तो वीतभर अंतर सरकून पुढं आला.

“बुवा…”

“हं.”

“तिथं लेण्यात… वास कसा येतो?”

बुवांनी उरलेला कापूस त्याच्या हातात दिला.

“ते तू मला सांगायचं.”